लिंटेल आणि लेंटर

लिंटेल वेगळं आणि लेंटर वेगळं, हे मला साठ वर्षं पूर्ण झाल्यावर कळलं. त्यातली पस्तीस वर्षं मी दिल्लीत काढली आहेत. केंद्र सरकारच्या मंत्रालयात हिंदीतून टिपण्या लिहिल्या, हिंदी पंधरवड्यात दोनदा बक्षीस घेतलं, आणि सरोजिनी नगरच्या बाजारात भाव पाडून घेण्यात तर माझा हात कोणी धरू शकत नाही. एवढं असून एका शब्दापायी बँकेने आमचे पैसे अडवून ठेवले. मला बँकेचा राग येत नाही, माझा स्वतःचाच येतो. पण स्वतःवर ओरडता येत नाही, म्हणून मी श्यामकांतांवर ओरडते.

श्यामकांत माझे यजमान. त्यांच्यावर कितीही ओरडा, ते "बघू" म्हणतात आणि चहा ठेवायला जातात. घर बांधायचं ठरलं तेव्हाही ते "बघू" म्हणाले होते. मग बघितलं सगळं मीच. ग्रेटर नोएडात आमचा शंभर गजांचा, म्हणजे नऊशे चौरस फुटांचा प्लॉट पंधरा वर्षं नुसता पडून होता, त्यावर शेजारच्या गावातल्या म्हशी चरत होत्या. एकतीस जुलैला मी रिटायर होणार होते. सरकारी क्वार्टर माझ्या नावावर. रिटायर झाल्यावर त्यात सहा महिने राहता येतं, पुढे दंडाचं भाडं लागतं आणि तो आकडा ऐकूनच भोवळ येते. म्हणजे एकतीस जानेवारीला आम्हाला डोक्यावर छप्पर हवं होतं.

खर्चाचा अंदाज मी स्वतः काढला. एकूण बावन्न लाख. त्यात बत्तीस खालच्या मजल्याचे आणि वीस वरच्याचे. माझी ग्रॅच्युइटी, पेन्शनचा काही भाग विकून आलेली रक्कम आणि श्यामकांतांच्या ठेवी मिळून सव्वीस लाख होत होते. उरलेले सव्वीस बँकेचे. साठीच्या बाईला बँक एकटीच्या नावावर कर्ज देत नाही, सोबत तरुण नाव लागतं. म्हणून आमच्या नचिकेतचं नाव घातलं. मी बोट ठेवलं तिथे तिथे त्याने सह्या केल्या आणि "हो गया, आई?" म्हणत परत गुडगावला गेला.

खालचा मजला आमचा आणि वरचा नचिकेतचा. ह्या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप होता, हे मी कोणापासून लपवलेलं नाही. पोरगा तीस वर्षांचा आहे. गुडगावात भाड्याच्या खोलीत राहतो, रविवारी दोन तास मेट्रोने येतो, जेवतो, झोपतो आणि जातो. पुढच्या वर्षी त्याचं लग्न आहे, मयूर विहारच्या केतकीशी. मुलगी मला आवडते. मला एवढंच हवं होतं की ती दोघं माझ्या डोक्यावर राहावीत, त्यांनी वर पाट ओढला तर खाली मला ऐकू यावं. आयुष्यभर मी खात्याच्या नंबराच्या घरांत राहिले, भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज करायचा. एवढं मागणं जास्त होतं का?

वरच्या स्वयंपाकघराच्या टाइल्स कोणत्या रंगाच्या घ्यायच्या, हे मी केतकीला विचारलंसुद्धा. "कोणत्याही चालतील, काकू," ती म्हणाली. मला वाटलं, संस्कारी मुलगी आहे, लाजते.

आता शब्दाकडे येते. माझे वडील साताऱ्याला बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर साइटवर जायचे, त्यामुळे पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब हे मला पाठ. लिंटेल म्हणजे दारं-खिडक्यांच्या डोक्यावरची आडवी काँक्रीटची पट्टी. आमचा ठेकेदार रजबीर त्याला 'लेंटर' म्हणायचा. मला मनातल्या मनात हसू यायचं, बिचाऱ्याला साधं लिंटेल म्हणता येत नाही. बाँडपेपरवर करार झाला तेव्हा त्याने लिहवून घेतलं, 'लेंटर डलने पर चार लाख'. मी म्हटलं, लिही बाबा, तुझ्या भाषेत लिही. शुद्धलेखन सुधारायला मी इथे आलेली नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर दारांवरच्या पट्ट्या ओतून झाल्या. मी रजबीरच्या हातावर चार लाखांचा चेक ठेवला. त्याने चेककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाळाला लावला आणि खिशात घातला.  बँकेचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार होते, जोत्याचे सहा लाख आधीच आले होते. लिंटेलचे पुढचे सहा मागायला मी शाखेत फोन केला, तर तिथल्या माणसाने विचारलं, "लेंटर पड गया?" मी ठसक्यात सांगितलं, "हाँ जी, परसों ही पडा है." तो म्हणाला, मग पुढचाही हप्ता सोबतच लावून देतो, तेरा लाख एकदम मिळतील. पस्तीस वर्षांच्या नोकरीत टेबलापलीकडच्या माणसाने न मागता काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. तरी मला शंका आली नाही. उलट घरी येऊन श्यामकांतांना ऐकवलं की कामं अशी करून घ्यायची असतात.

आठ दिवसांनी बँकेचा तपासनीस आला. पोरगेलासा होता, पायात चकचकीत बूट, हातात टॅब. मी त्याला खोल्या दाखवल्या. तो हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, लेंटर कहाँ है?"

मी दारावरची पट्टी दाखवली. त्याने पट्टीकडे पाहिलं. मग मान वर करून आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मॅडम, लेंटर मतलब छत."

इथे सगळ्या मुलखात लेंटर म्हणजे छत. स्लॅब. रजबीरला माहीत, बँकेला माहीत, रस्त्यावर मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईलाही माहीत असणार. माहीत नव्हतं ते फक्त ओव्हरसिअरच्या मुलीला. मी कपाळावर हात मारला. त्या मुलाला सगळं समजावून सांगितलं, साताऱ्यापासून. तो "जी, जी" करत राहिला आणि टॅबमध्ये काहीतरी लिहीत राहिला. पुढे कळलं की त्याने लिहिलं होतं, कर्जदाराने झालेल्या कामापेक्षा जास्त काम दाखवलं. माझ्या नोकरीच्या फाइलीत एक शेरा कधी लागला नाही, आणि रिटायर झाल्यावर हा लागला.

बँकेने दोन्ही हप्ते थांबवले. दोघा कर्जदारांनी लेखी खुलासा द्यायचा, मग वरच्या ऑफिसात फाइल जाणार, मग पुन्हा तपासणी. इकडे रजबीरचे चार लाख वेळेआधीच त्याच्या खिशात गेलेले, त्यामुळे त्याला घाई कसली? तो माणसं घेऊन दुसऱ्याच साइटवर गेला. मी फोनवर त्याचा उद्धार केला तर शांतपणे म्हणाला, मॅडम, आपने दिए तो हमने ले लिए, हमने सोचा मॅडम का दिल बडा है. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातून नोव्हेंबर उजाडला, हवेच्या प्रदूषणाचा आकडा चारशेवर गेला आणि सरकारने बांधकामंच बंद केली. छत ओतण्यासाठी आणून टाकलेल्या फळ्या आणि टेकू भाड्याचे होते, त्यांचं भाडं मात्र हवा कितीही खराब असली तरी रोज चढत होतं.

बंदी उठली तरी छत ओतायला पैसे कुठून आणायचे? माझ्याजवळचे होते ते पुढच्या कामांना लागणार होते. श्यामकांतांनी तेव्हा पहिल्यांदा "बघू"च्या पलीकडचं वाक्य उच्चारलं. म्हणाले, "प्रमोदिनी, वरचा मजला राहू दे ना. पुढेमागे बांधू."

मी त्यांना असं काही बोलले की दोन दिवस त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. पुढेमागे म्हणजे कधी? लग्न झालं, गुडगावात बिऱ्हाड थाटलं, की कोण उठून ग्रेटर नोएडाला येतंय? वरचा मजला आत्ताच व्हायला हवा होता. मग मी कागद घेऊन बसले आणि काटायला लागले. संगमरवर गेला, साधी फरशी आली. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या गेल्या, कडाप्प्याची मांडणी आली. आमच्या खोलीतलं वेगळं बाथरूम गेलं. म्हातारपणी रात्री उठून हॉल ओलांडावा लागेल, लागू दे. कंपाउंडची भिंत गेली, तिथे तारा. गेट गेलं. असं करत साडेचार लाख वाचवले, आणि त्यातला एक पैसाही वरच्या मजल्यातून काढला नाही. श्यामकांतांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं की खाली माणसं राहणार आहेत ना. 

नचिकेतला मी रोज फोन करत होते. खुलाशाच्या पत्रावर त्याची सही हवी होती, सोबत पगाराचे कागद. तो "बिल्कुल, आई, आज भेजता हूँ" म्हणायचा आणि पाठवायचा नाही. मी म्हणायचे, अरे, हे तुझ्यासाठीच चाललंय. तो विषय बदलायचा. एकदा म्हणाला, "आई, यार, जरा थांबून बघूया का?" मी म्हटलं, अच्छा, तू पण बापावर गेलास का. आणि फोन ठेवला.

शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने कागद पाठवले आणि मी ते घेऊन शाखेत गेले. ह्या वेळी एक बाई होत्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला सभ्य. त्यांनी माझं पत्र नीट वाचलं, लिंटेल-लेंटरच्या परिच्छेदाला हसल्या, म्हणाल्या की त्यांच्या केरळच्या एका ग्राहकाचाही असाच घोटाळा झाला होता. मला बरं वाटलं. मग त्यांनी संगणकावर नचिकेतचा कर्जाचा अहवाल उघडला आणि सहज विचारलं, "बेटे की कोई और प्रॉपर्टी है?"

मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, ऑगस्टमध्ये त्याने दुसऱ्या एका बँकेत घरासाठी कर्ज मागितलं होतं, गुडगावच्या फ्लॅटसाठी, एका मुलीबरोबर. मिळालं नाही. आमच्या कर्जात त्याचं नाव असल्यामुळे त्याच्या पगारावर आणखी कर्ज बसत नव्हतं. त्यांना फक्त खात्री करायची होती की तो अर्ज बंद झालाय ना, नाहीतर आमची फाइल पुन्हा अडकेल.

"हाँ जी, बंद हो गया," मी सांगितलं. खरं तर मला तो सुरू झालेलाच माहीत नव्हता.

मेट्रोत मला बसायला जागा मिळाली. ऑगस्टमध्ये मी काय करत होते? ऑगस्टमध्ये मी वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजत होते. केतकीला टाइल्स विचारत होते. त्या दोघांनी आपलं घर शोधलं होतं, बघून आली होती, कदाचित बाल्कनीत उभी राहिली होती, आणि बँकेने सांगितलं की तुमच्या आईने तुमचं नाव आधीच वापरलं आहे. आणि माझ्याकडे कोणी आलं नाही. भांडलं नाही. मला आधी भयंकर राग आला, की पोटच्या पोराने माझ्यापासून लपवावं. राजीव चौकापर्यंत तो राग टिकला. पुढे मला त्याचे सगळे "बिल्कुल, आई" आठवायला लागले आणि माझी मलाच लाज वाटली. पोराला घर देते म्हणत मी त्याचंच घर अडवून बसले होते.

घरी येऊन मी पुन्हा कागद घेतला. ह्या वेळी वरचा मजला काटला. हिशोब दोन मिनिटांत झाला. खालचं घर बत्तीस लाखांचं, त्यातले साडेचार मी आधीच वाचवलेले. आमच्याजवळ सव्वीस. बँकेचे आलेले सहा परत करून कर्जच बंद केलं, तर दीड लाख कमी पडत होते, आणि तेवढे माझ्या पाटल्यांत होते. ना खुलासा, ना तपासणी, ना कोणाचं नाव. बांधकामाची बंदी उठली होती, छत आठवड्याभरात ओतता येणार होतं. इतके दिवस मी ज्या पैशांसाठी जिवाचा आटापिटा करत होते, ते पैसे मला नकोच होते. श्यामकांतांना कागद दाखवला. का, ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले की नचिकेतला आपण रविवारी साइटवरच बोलावू.

रविवारी धुकं उतरायला अकरा वाजले. रजबीर स्वतः आला होता, मिक्सर आला होता, बारा माणसं आली होती. छताच्या फळ्यांवर लोखंडाची जाळी बांधून तयार होती आणि जाळीतून खांबांच्या सळ्या वर माणसाच्या उंचीएवढ्या उभ्या होत्या. नचिकेत उशिरा आला, शिडी चढून वर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. रजबीरला एवढं सांगितलं होतं की वरच्या मजल्याचं आज ठरवते, म्हणून तो विचारायला आला. काँक्रीट पडण्याआधी त्याला कळायला हवं होतं. सळ्या अशाच उभ्या सोडल्या तर त्यांवर उद्या मजला चढवता येतो. वाकवून स्लॅबमध्ये घेतल्या तर तो विषय कायमचा संपतो.

"मॅडम, सरिया छोडें कि मोड दें?"

श्यामकांत माझ्याकडे बघत होते.  

"मोड दो," मी म्हटलं.

"सब?"

"सब."

नचिकेत एकदम वळला. "आई, अगं, वरचं घर?"

"कर्जच बंद करतेय मी, तुझं नाव मोकळं होईल," मी म्हटलं. "सोमवारी बँकेत जाऊन सही कर. महिन्याभरात तुझा अहवाल साफ होईल. मग तुम्ही दोघं पुन्हा अर्ज करा. ऑगस्टमधला तो फ्लॅट गेला असेल तर दुसरा बघा."

 त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटं पकडलं की व्हायचे तसेच.

"सांगितलं का नाहीस रे मला?" मी विचारलं. मला रागावून विचारायचं होतं, पण तसं निघालं नाही.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "दोन-तीनदा आलो पण होतो सांगायला. पण तू इतकी खूश होतीस, आई."

खूश. इतके महिने मी रजबीरवर ओरडत होते, बँकेवर ओरडत होते, ह्याच्या बापावर ओरडत होते, रक्तदाबाची गोळी एकाची दोन झाली होती. आणि हा म्हणतो, मी खूश होते. मी त्याला सुनवायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की पोरगा खरं बोलतोय. इतकी खूश मी आयुष्यात कधी नव्हते.

रजबीरच्या दोन माणसांनी पहिल्या सळीच्या टोकाला लोखंडी नळी अडकवली आणि जोर लावला. सळी चटकन वाकेना. मी नचिकेतचा दंड धरला आणि तिथेच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि मी डोळे पुसले नाहीत. एक एक करत त्यांनी सगळ्या सळ्या खाली घेतल्या, मग मिक्सर सुरू झाला.